रोजकीर्द की बखर? ‘पूर्ण’ केलेल्या गेमच्या नोंदींचा इतिहास

१/ रेट्रो व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांमध्ये एक सवय आढळते. वर्षभरात कोणते जुने गेम शेवटपर्यंत नेले, याची यादी ते ठेवतात : गेमचे नाव, यंत्र आणि संपवल्याची तारीख. डिसेंबरअखेर यादी बंद होते, जानेवारीत नवे पान उघडते. वरवर पाहता हा छंदातला छंद. परंतु या यादीच्या मुळाशी इतिहासाचा एक खरा प्रश्न आहे : एखादा खेळ ‘पूर्ण’ झाला हे कोण ठरवते, आणि त्याचा पुरावा कुठे उरतो? या धाग्यात त्या प्रश्नाचा माग हिंगोली जिल्ह्यापासून जगापर्यंत आणि पुन्हा हिंगोलीपर्यंत.

२/ गेमच्या इतिहासात क्योटो, टोकियो, कॅलिफोर्निया ही नावे वारंवार येतात. हिंगोलीचे येत नाही. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. जिल्हा आकाराला येत होता त्याच सुमारास टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम मराठवाड्यातील लहान शहरांच्या बाजारपेठांत पोहोचत होते. ते खेळणारी मुले आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. त्यांनी काय खेळले आणि काय संपवले, याचे कोणतेही दफ्तर नाही.

३/ मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना दोन प्रकारची साधने चांगली परिचित असतात. एक बखर : घटना घडून गेल्यावर, आठवणीवर आणि ऐकीव माहितीवर विसंबून लिहिलेली. दुसरी रोजकीर्द : त्या त्या दिवशीचा जमाखर्च आणि व्यवहार त्याच दिवशी टिपून ठेवणारी वही. बखर वाचायला रसाळ असते, परंतु तारीख पडताळायची तर अभ्यासक रोजकीर्दीकडे वळतो. पुण्याच्या पेशवे दफ्तराचे मोल अशाच कोरड्या, रोजच्या नोंदींत आहे. हा फरक ध्यानात ठेवून पुढे जावे. संपूर्ण धागा त्याच्यावरच उभा आहे.

४/ खेळाची नोंद ठेवणे महाराष्ट्राला नवे नव्हे. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील मूळ संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. त्यात प्रामुख्याने अखेरीस आलेल्या डावांच्या मांडण्या आहेत. म्हणजे खेळ कसा संपतो याचीच नोंद. पुढे १८७१ मध्ये औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी ‘क्रीडाकौशल्य’ रचले आणि पटावरच्या अनेक खेळांचे नियम आकृत्यांसह एकत्र केले. त्या काळी औरंगाबाद आणि हिंगोली ही दोन्ही गावे निजामाच्या एकाच राज्यात होती.

५/ परंपरेने ज्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडला जातो त्या मोक्षपटातही शेवटाला स्पष्ट अर्थ होता. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि अखेरचे घर मोक्षाचे. तेथे सोंगटी पोहोचली की खेळ संपला, वाद नाही. बुद्धिबळ असो वा मोक्षपट, समोर दुसरा खेळाडू बसलेला असे आणि शेवटाचा साक्षीदार आपोआप मिळे. यंत्र आले आणि ही व्यवस्था मोडली. समोर माणसाऐवजी पडदा आला. आता साक्ष द्यायची कोणी?

६/ पहिले उत्तर यंत्रानेच दिले. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला. तोमोहिरो निशिकादो यांनी घडवलेल्या या गेमने सर्वाधिक गुणांचा आकडा पडद्यावर सतत झळकत ठेवला आणि ही पद्धत लोकप्रिय केली. १९७९ च्या ‘स्टार फायर’मध्ये खेळाडूला गुणांपुढे आपली आद्याक्षरेही टाकता येऊ लागली. मात्र ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधला तो आकडा तात्पुरत्या स्मृतीत राही. दुकान बंद करताना बटण दाबले की विक्रम पुसला जाई. यंत्राची साक्ष वीज असेपर्यंतच.

७/ दुसरे उत्तर एका लहान शहरातून आले. अमेरिकेतील आयोवा राज्यात ऑटमवा नावाचे गाव आहे. तेथे वॉल्टर डे यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘ट्विन गॅलेक्सीज’ हे गेमचे दुकान उघडले. त्याआधी शंभराहून अधिक ठिकाणी फिरून त्यांनी यंत्रांवरचे सर्वाधिक गुण उतरवून घेतले होते. फेब्रुवारी १९८२ मध्ये त्या नोंदींतून राष्ट्रीय गुणफलक सुरू झाला. गेमच्या विक्रमांची पहिली नावाजलेली रोजकीर्द महानगरात सुरू झाली नाही. ती एका आडगावातल्या वहीतून सुरू झाली.

८/ तिसरे उत्तर होते छायाचित्राचे. ॲक्टिव्हिजन कंपनी १९८० च्या दशकाच्या आरंभी खेळाडूंना आवाहन करीत असे : ठरावीक गुण मिळवा, टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पाठवा आणि कापडी बिल्ला मिळवा. हाही पुरावा अभेद्य नव्हता. ‘ड्रॅगस्टर’ या गेममधली ५.५१ सेकंदांची एक वेळ १९८२ पासून विक्रम म्हणून मानली जात होती. यंत्राच्या आज्ञावलीचा अभ्यास करून ती अशक्य असल्याचे दाखवण्यात आले आणि २०१८ मध्ये ती रद्द झाली. साधनचिकित्सा ताम्रपटालाच लागते असे नाही. गेमच्या विक्रमालाही लागते.

९/ येथवर सगळ्या नोंदी गुणांच्या आहेत, शेवटाच्या नाहीत. कारण आरंभीच्या बहुतेक गेमना शेवटच नव्हता. खेळाडू हरेपर्यंत खेळ चाले. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये २५६ वा टप्पा आला की पडद्याचा उजवा अर्धा भाग विस्कटतो. टप्पा मोजणारी संख्या आठ बिटांत मावत नाही, म्हणून. हा शेवट कोणी योजला नव्हता. तो हिशेबातला अपघात होता. गेमला गोष्ट आणि गोष्टीला शेवट हवा, ही अपेक्षा घरगुती यंत्रांबरोबर रूढ झाली.

१०/ १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम हे यंत्र विक्रीला आणले; त्याची रचना मासायुकी उएमुरा यांची. यंत्राची मुख्य कार्यस्मृती केवळ २ किलोबाइट. सप्टेंबर १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला : ८ जगे, प्रत्येकी ४ टप्पे, एकूण ३२. शेवटच्या किल्ल्यात राजकन्या सुटते आणि गेम खऱ्या अर्थाने संपतो. पण मधेच थांबून दुसऱ्या दिवशी पुढे खेळायची सोय नाही. यंत्र बंद केले की पुन्हा पहिल्या जगापासून आरंभ.

११/ मोठ्या गोष्टी सांगणाऱ्या गेमना हे परवडणारे नव्हते. मे १९८६ मधल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने खेळाडूला २० जपानी अक्षरांचा एक परवलीचा मजकूर दिला. तो उतरवून ठेवायचा आणि पुढच्या वेळी भरायचा. खेळ तिथून सुरू. दुसऱ्या भागात हा मजकूर ५२ अक्षरांपर्यंत वाढला. एक अक्षर चुकले तरी सारी मेहनत वाया. १९८८ च्या तिसऱ्या भागात कॅसेटमध्येच बॅटरी आली आणि वहीची गरज सरली. ‘झेल्डा’च्या १९८७ मधल्या अमेरिकी कॅसेटमध्येही अशी बॅटरी होती. म्हणजे यंत्राला स्मृती मिळण्यापूर्वी ती मुलांच्या वहीत होती.

१२/ आता भारत. १९९५ मध्ये जपानच्या सेगा कंपनीने शॉ वॉलेसशी करार करून आपले मेगा ड्राइव्ह भारतात आणले. त्या वेळी अशा यंत्रांवर ८० टक्के आयातशुल्क होते. करारामागचे एक कारण तेच. तरीही किंमत होती १८,००० रुपये. तालुक्याच्या गावातील नोकरदार कुटुंबाच्याही ती आवाक्याबाहेरची होती. म्हणून लहान गावांत जे पोहोचले ते फॅमिकॉमच्या घराण्यातले होते : मीडिया, समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी विकले जाणारे गेम. यांतील बहुतेक मूळ यंत्राच्या नकला होत्या.

१३/ या नकला स्वस्त का होत्या? मूळ फॅमिकॉममध्ये निरनिराळ्या चिप होत्या. तैवानमधील उत्पादकांनी त्यांचे काम एका चिपमध्ये आणले. यंत्र उघडले की मधोमध काळ्या लाखेसारखा एक गोळा दिसतो; त्याखाली सारा मेंदू. बाहेरची पेटी कधी जपानी यंत्रासारखी, कधी सेगासारखी. गेमच्या डबीला सगळे ‘कॅसेट’च म्हणत. आणि कॅसेटही काटकसरीची : स्मृती राखणारी बॅटरी बहुधा वगळलेली. जपानी मुलांना १९८८ पर्यंत जी सोय मिळू लागली, ती इथल्या मुलांना नव्वदीतही क्वचितच मिळाली.

१४/ कॅसेटवर आकडा मात्र भव्य असे : ‘९९९९९९९ इन १’. यादी उघडली की ती संपता संपत नसे. प्रत्यक्षात मूठभर गेम पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या नावांनी येत. कुठे आरंभ तिसऱ्या टप्प्यापासून, कुठे जास्त लाइफ, कुठे पात्राचा रंग निराळा. गेमच्या सुरुवातीच्या पडद्यावरून निर्मात्याचे नावही अनेकदा पुसलेले असे. कोणी ‘या कॅसेटमधले ४० गेम पूर्ण केले’ म्हणाले, तर इतिहासकाराने पहिला प्रश्न विचारावा : ४० नावे की ४० गेम?

१५/ दुसरा प्रश्न अधिक अवघड : त्यातले किती गेम मुळात संपतात? नामकोचा १९८५ चा ‘बॅटल सिटी’ हा गेम इकडे ‘टँक’ म्हणून ओळखला जातो. त्यात ३५ नकाशे आहेत आणि ३५ वा पार केला की पुन्हा पहिला समोर येतो. बंदुकीने बदके टिपण्याचा गेम फेरीमागून फेरी चालतच राहतो. अशा गेमबाबत ‘पूर्ण केला’ म्हणजे काय, हे गेम सांगत नाही. ते खेळणाऱ्यांनी आपसात ठरवायचे. ‘टँक’चे ३५ नकाशे झाले की गेम झाला, हा नियम कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता.

१६/ जे संपतात त्यांच्यातही पळवाटा. मारिओमध्ये पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छताच्या वरून चालत गेले की थेट चौथ्या जगाचा नळ सापडतो. चौथ्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यातून तसाच आठव्या जगाचा. या वाटेने ३२ पैकी केवळ ८ टप्पे खेळून राजकन्येपर्यंत पोहोचता येते. ‘काँट्रा’त वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए असे दाबले की ३० लाइफ. हा संकेत १९८६ च्या ‘ग्रेडियस’पासूनचा, तो घालणारे काझुहिसा हाशिमोतो २०२० मध्ये निवर्तले.

१७/ मग ८ टप्प्यांचा मारिओ पूर्ण की अपूर्ण? ३० लाइफचा काँट्रा खरा की खोटा? आजच्या खेळाडूंनी याला व्यवहारी उत्तर शोधले आहे. वेगाने गेम संपवणाऱ्यांच्या स्पर्धांत वर्ग स्वतंत्र असतात : नळ वापरून, नळ न वापरता, सर्व टप्प्यांसह. नळ वापरणारे निष्णात खेळाडू मारिओ ५ मिनिटांच्या आत संपवतात. कोणत्याही वर्गाला खोटे म्हटले जात नाही. फक्त नोंदीत वर्ग लिहिलाच पाहिजे, असा दंडक आहे. इतिहासाची शिस्तही हीच मागते.

१८/ या साऱ्यावर एक स्थानिक घटक स्वार होता : वीज. ग्रामीण मराठवाड्यात लाइट जाणे ही रोजची बाब. २००५ नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रातील विजेची तूट तीव्र झाली. जून २००५ मध्ये विद्युत मंडळाच्या विभाजनातून महावितरण स्वतंत्र झाली आणि भारनियमनाचे वेळापत्रक हा घरोघरचा विषय बनला. वीजगळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधाराचे तासही जास्त, असे त्याचे गणित होते. शहरापेक्षा खेड्याला झळ अधिक. नकली फॅमिकॉमची विक्री तेव्हाही सुरूच होती.

१९/ आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. कॅसेटमध्ये बॅटरी नाही, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. सर्व ३२ टप्पे खेळून मारिओ संपवायला सामान्य खेळाडूला तासाभराहून अधिक वेळ लागतो. सातव्या जगात लाइट गेली तर पुन्हा पहिले जग. म्हणून सेनगावात किंवा औंढ्यात अशा यंत्रावर मारिओ संपवणे आणि टोकियोत संपवणे ही वस्तुतः दोन वेगळी कामे होती. गेमची आज्ञावली तीच, अडथळे निराळे. छापील इतिहास पहिल्यावहिल्या विक्रीच्या तारखा सांगतो. हा फरक सांगत नाही.

२०/ आणखी एक सूक्ष्म फरक. जपानमधला टीव्ही सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवी. भारतातील पाल पद्धतीचा ५०. या गेमची गती पडद्यावरच्या चित्रांशी बांधलेली असे. पाल पद्धतीसाठी बनवलेल्या नकली यंत्रावर तोच गेम सुमारे एक षष्ठांशाने संथ चाले. जपानमधली ५ मिनिटे इथे ६ मिनिटे. संगीतही किंचित रेंगाळलेले. आज इंटरनेटवर मूळ गेम पाहून ‘आमचा मारिओ असा नव्हता’ असे कोणी म्हणाले, तर तो स्मरणाचा दोष असेलच असे नाही. ती यंत्राची साक्ष असू शकते.

२१/ काही पुरावे तर पुन्हा तपासताही येणार नाहीत. बदके टिपणारी बंदूक जुन्या, मोठ्या पेटीच्या टीव्हीसमोरच चालते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो टिपतो. आजचा सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो. तेवढ्यात नेम हुकतो. जुने टीव्ही भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर हा अनुभवही. आता उरल्या त्या आठवणी, म्हणजे बखर.

२२/ दरम्यान मोठ्या कंपन्यांनी नोंदीचे काम पुन्हा यंत्राकडे सोपवले. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० ने प्रत्येक कामगिरीला गुण दिले आणि ते खेळाडूच्या खात्यात साठवले. २००८ मध्ये प्लेस्टेशनने चषकांची पद्धत आणली. आता गेम संपला हे यंत्र स्वतः तारखेसह नोंदवते. जुन्या गेमसाठीही रेट्रोअचीव्हमेंट्ससारखी स्वयंसेवकांची व्यवस्था उभी राहिली. वरकरणी प्रश्न सुटला. साक्षीदार मिळाला, तोही न विसरणारा.

२३/ पण हे दफ्तर खेळाडूच्या घरी नसते. कंपनीच्या संगणकावर असते. ८ एप्रिल २०२४ रोजी निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांच्या ऑनलाइन सेवा थांबवल्या. २९ जुलै २०२४ रोजी एक्सबॉक्स ३६० चे दुकान बंद झाले. जुन्या कॅसेटमधल्या बॅटऱ्याही अमर नाहीत. दोन-तीन दशकांत त्या मान टाकतात आणि जपलेला खेळ निघून जातो. मालकी दुसऱ्याची असलेल्या दफ्तरावर विसंबणे किती जोखमीचे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

२४/ खुद्द गेमची अवस्था तरी काय? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर उपलब्ध नाहीत. ही स्थिती मूळ, नोंदणीकृत गेमची. ज्या बेनावी, नाव पुसलेल्या कॅसेटवर इथली मुले वाढली, त्यांची तर यादीही कोणाकडे नाही. निर्मात्याने स्वतःचे नाव लपवलेले, दुकानदाराने पावती दिलेली नाही. उत्पादनाच्या बाजूचे दफ्तर रिकामे असताना खेळणाऱ्याच्या बाजूची नोंद हेच एकमेव साधन उरते.

२५/ आणि शेवट हा विषयही अजून संपलेला नाही. निन्टेन्डोच्या यंत्रासाठीचा ‘टेट्रिस’ १९८९ मध्ये आला. त्याला शेवट नाही, ठोकळे पडतच राहतात, असे तीन दशके मानले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील १३ वर्षांच्या एका मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारली आणि यंत्रच गोठले.  याची खात्री पटली, कारण चित्रीकरण आणि पातळी दोन्ही जागच्या जागी नोंदलेले होते. केवळ सांगोवांगी असती, तर ती गावगप्प ठरली असती.

२६/ येथे वर्षाच्या यादीचे महत्त्व कळते. समाजमाध्यमांवर नव्वदीच्या गेमच्या आठवणी उदंड आहेत : ते दिवस किती छान होते, शेजारपाजारची मुले कशी जमत, लाइट गेली की कसा गलका होई. ही बखर आहे. तिला तिचे मोल आहे, पण तिच्यात तारखा नाहीत आणि हरलेले डाव तर जवळजवळ नाहीतच. वर्षाची यादी ही रोजकीर्द आहे. ती रुक्ष असते, पण कोणत्या वर्षी कोण काय खेळत होते, किती वेळ लागला, काय अर्धवट सोडले, हे तीच सांगू शकते.

२७/ चांगल्या यादीत काय असावे? गेमचे पडद्यावर दिसलेले नाव आणि, ठाऊक असेल तर, मूळ नाव. यंत्र कोणते : मूळ, नकली की संगणकावरचा एम्युलेटर. एम्युलेटर असेल तर मधल्या कोणत्याही क्षणी खेळ जपून ठेवण्याची सोय वापरली का. नळ, परवलीचे संकेत, जादा लाइफ घेतल्या का. एकट्याने की जोडीने. कोणत्या प्रसंगाला शेवट मानले. आरंभ आणि समाप्ती, दोन्ही तारखा. अर्धवट सोडलेल्या गेमलाही एक ओळ, कारणासह. एवढे लिहिले की छंदाची यादी साधन बनते.

२८/ आणि मागे गेलेल्या वर्षांचे काय? हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या घरांत तेव्हाच्या शाळेच्या वह्या अजून असतील, तर त्यांची मागची पाने रद्दीत देण्यापूर्वी चाळावीत. परवलीचे संकेत आणि गुणांचे आकडे बहुधा तिथेच लिहिले जात. कॅसेटवरचे चिकटपत्र उडण्याआधी त्याचा फोटो घ्यावा, यंत्राच्या तळाशी छापलेले नाव उतरवून घ्यावे. मोठ्या भावंडांना विचारावे : यंत्र कोणत्या दिवाळीला घेतले, कितीला, आणि कोणत्या दुकानातून?

२९/ अशा आठवणी लिहिताना एकच पथ्य पाळायचे. प्रसंग कधीचा आणि लेखन कधीचे, हे वेगवेगळे नोंदवायचे. उदाहरणार्थ : ‘मारिओ, नकली यंत्र, नळ वापरून, ८-४ पर्यंत. सन अंदाजे १९९८, दिवाळीची सुट्टी, तेव्हाचा परभणी जिल्हा. आठवणीवरून लिहिले, यंदा.’ एवढ्या एका ओळीने बखरीतला मजकूर रोजकीर्दीशेजारी बसू शकतो, आणि उद्याच्या अभ्यासकाला कोणत्या शब्दावर किती विसंबायचे हे कळते. यंदाची यादी अजून सुरू केली नसेल, तर पहिली ओळ आज संपवलेल्या गेमची लिहावी, तारखेसह.

धागा समाप्त.